२१४ फायली आणि मधले पॉइंट

रविवारी सकाळी पावणेसातला वाळवा तालुक्यातल्या एका दूध संस्थेच्या सचिवांचा फोन आला. "सायेब, मशीन बरोबर हाय, फॅट बी बरोबर दावतंय. पर सहा-एक लागू दे न्हाईतर सहा-नऊ, पावतीवर भाव सहाचाच पडतुया. सात लागलं की सातचा. मधलं पॉइंट कुटं गेलं?"

मी म्हटलं, "अण्णा, पाच मिनिटांत बघून सांगतो." पाच मिनिटांत काही सांगता आलं नाही. आठ वाजेपर्यंत असे सतरा फोन झाले. दुधाला रविवार नसतो.

आदल्या दिवशी दुपारी आम्ही एकच काम केलं होतं, तेही भाव-हिशेबाला हात न लावता. दोनशे चौदा डेटा फायलींची मांडणी नीट केली होती, म्हणजे ओळी पाडल्या आणि समास सोडला. माझ्या समजुतीप्रमाणे अक्षर एकही बदललं नव्हतं.

फायली कशा होत्या

आमची कचेरी कऱ्हाडात, दोन खोल्यांची. गावोगावच्या दूध संस्थांना संकलनाचं सॉफ्टवेअर देतो. शेतकरी दूध घेऊन येतो, मिल्क अ‍ॅनालायझर फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) मोजतो, संगणक दरपत्रकात भाव शोधतो आणि पावती छापतो. प्रत्येक संस्थेची एक फाईल असते, जेसन प्रकारची, म्हणजे नाव आणि त्यापुढे किंमत अशा जोड्यांनी लिहिलेली साध्या मजकुराची. त्यात गायीचं आणि म्हशीचं दरपत्रक, सभासदांची नावं, बँक खाते क्रमांक आणि पशुखाद्य, ॲडव्हान्स वगैरे कपाती. रात्री अकराला संस्थांचे संगणक आमच्या सर्व्हरवरून आपापली फाईल ओढून घेतात.

या फायली आमचं जुनं सॉफ्टवेअर लिहितं आणि ते सगळं एका ओळीत लिहितं. फाईल उघडली की एकच ओळ, उजवीकडे संपतच नाही. यंत्राला त्याचं काही नसतं. पण दर बदलला की नेमकं काय बदललं ते माणसाला बघायचं असतं. शिवाय आम्ही या फायली गिटमध्ये, म्हणजे फायलींतल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, घालायचं ठरवलं होतं. गिट फरक दाखवतं तो ओळीच्या हिशेबाने. सगळी फाईलच एक ओळ असेल, तर एका शेतकऱ्याची कपात पन्नास रुपयांनी बदलली तरी गिट म्हणणार, अख्खी फाईल बदलली. अशा फरकाचा उपयोग शून्य.

म्हणून मांडणी करायची होती. व्हीएस कोड या एडिटरमध्ये (अशा फायली वाचायच्या-बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये) एक फाईल उघडून शिफ्ट-ऑल्ट-एफ दाबलं की क्षणात सुबक होते. पण हे दोनशे चौदा वेळा कोण करणार? अख्ख्या फोल्डरला एकदम मांडणी लावायची कमांड त्या एडिटरमध्ये मुळात बसवलेली आम्हाला सापडली नाही. जेटब्रेन्सच्या एडिटरांत फोल्डरवर उजवी टिचकी मारून ते होतं. व्हीएस कोडला त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन टाकावं लागतं. ते एकेक फाईल स्वतःच उघडतं, एडिटरचीच मांडणी लावतं आणि जतन करतं. हे आम्हाला नंतर कळलं. शनिवारी आमच्याकडे नुकताच लागलेला मुलगा म्हणाला, "सर, कशाला एक्स्टेन्शन? नोडमध्ये दहा ओळी लिहितो." मी म्हटलं, लिही. तेव्हा चूक कुणाची हे इथेच नोंदवतो: स्क्रिप्ट त्याची, होकार माझा, आणि होकार देणाऱ्याला वीस वर्षांचा अनुभव होता.

स्क्रिप्ट, म्हणजे नोडवर (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) चालणारा छोटा प्रोग्राम, साधी होती. फाईल वाचायची, जावास्क्रिप्टच्या जेसन-पार्सने तिचं ऑब्जेक्ट (संगणकाच्या स्मृतीतली नाव-किंमत जोड्यांची रचना) करायचं, स्ट्रिंगिफायने दोन जागांचा समास देऊन परत मजकूर करायचा आणि त्याच नावाने लिहायचा. मध्ये एखादी फाईल अडली तर बाकीच्या थांबू नयेत म्हणून चूक गिळून पुढे जायची सोयही होती. दोन सेकंदांत काम संपलं. दहा-बारा फायली उघडून पाहिल्या, सगळ्या देखण्या. चहा प्यायलो आणि घरी गेलो.

मोडक्या फायलींचा भाव बरोबर

रविवारी पहिला संशय दरपत्रकावर. पण ज्या फाईलमध्ये पाहावं तिथे ६.१ चा भाव होता, ६.९ चाही होता, आणि दोन्ही बरोबर होते. मग सॉफ्टवेअरवर संशय, पण ते तर तीन महिन्यांत बदललेलं नव्हतं. तोवर शिराळ्याकडच्या एका संस्थेने सांगितलं की त्यांच्याकडे एका म्हशीला १०.४ फॅट लागली आणि भाव अगदी बरोबर पडला. म्हणजे सहा, सात, आठ, नऊचे पॉइंट बुडतात आणि दहाच्या वरचे बुडत नाहीत. या माहितीने उलट गोंधळ वाढवला.

सुटका झाली ती जिथून तक्रार आली नाही अशा संस्थांकडून. मी आपणहून काही ठिकाणी फोन लावला. नऊ संस्थांत सगळं सुरळीत होतं. त्यांच्या फायली पाहिल्या, तर त्या अजून एका ओळीतच होत्या. स्क्रिप्टने त्यांना हातच लावला नव्हता, कारण त्या तिला वाचताच आल्या नव्हत्या आणि तिने चूक मुकाट्याने गिळली होती. आठ फायलींच्या सुरुवातीला न दिसणारी तीन बाइटांची खूण होती, जिला बीओएम म्हणतात. कधीतरी कुणीतरी त्या जुन्या नोटपॅडमध्ये उघडून यूटीएफ-८ म्हणून जतन केल्या होत्या, आणि जुना नोटपॅड ही खूण स्वतःहून लावायचा. नवव्या फाईलमध्ये कपातींच्या यादीच्या शेवटी एक जादा स्वल्पविराम राहिला होता. जेसनच्या नियमात तो बसत नाही.

थोडक्यात, ज्या फायली हाताळून थोड्या बिघडलेल्या होत्या, त्याच संस्थांत शेतकऱ्याला योग्य भाव मिळत होता. निर्दोष दोनशे पाच फायली गोत्यात होत्या. हे लक्षात आल्यावर मी झिप केलेली जुनी प्रत काढली (शनिवारी स्क्रिप्ट चालवण्याआधी ती करून ठेवली, हे त्या दिवसातलं एकमेव शहाणपण) आणि आधीची व नंतरची फाईल शेजारी शेजारी ठेवली.

आमचं म्हशीचं दरपत्रक ५ फॅटपासून १०.९ पर्यंत असतं, म्हणजे साठ ओळी. प्रत्येक ओळीचं नाव म्हणजे फॅटचा आकडा आणि त्यापुढे ८.५ ते ९.५ एसएनएफचे अकरा भाव. जुन्या फाईलमध्ये क्रम होता: ५, ५.१, ५.२ करत ५.९, मग ६, ६.१ असा. नव्या फाईलमध्ये क्रम होता: ५, ६, ७, ८, ९, १०, आणि त्यानंतर ५.१, ५.२, ५.३. एकही ओळ हरवली नव्हती. पूर्ण आकडे तेवढे पंक्तीच्या पुढे जाऊन बसले होते.

हे जावास्क्रिप्टचं ठरलेलं वागणं आहे. ऑब्जेक्टमध्ये ज्यांची नावं पूर्णांकासारखी दिसतात ती चढत्या क्रमाने आधी येतात आणि बाकीची ज्या क्रमाने घातली त्या क्रमाने त्यांच्यामागे. "६" हे नाव पूर्णांक दिसतं, "६.१" दिसत नाही. आमच्या जुन्या सॉफ्टवेअरने ओळीचं नाव "६.०" असं लिहिलं असतं तर हा प्रसंगच आला नसता, कारण शून्य जोडलेलं नाव या भाषेला पूर्णांक वाटत नाही. पण ज्याने कुणी ते लिहिलं त्याने दशांश शून्य असेल तर छाटून टाकलं होतं. (तो मीच. २००९ च्या आसपासचा.)

आणि सॉफ्टवेअर भाव शोधतं ते वरून खाली चालत. जोवर ओळीची फॅट मोजलेल्या फॅटपेक्षा जास्त होत नाही तोवर पुढे, जास्त झाली की थांबायचं आणि आधीच्या ओळीचा भाव द्यायचा. ६.४ फॅट आली: ५ ठीक, ६ ठीक, ७ जास्त, थांब, सहाचा भाव. झालं. १०.४ ला मात्र ५ ते १० सगळे मागे पडतात, मग ५.१ पासून ९.९ पर्यंतही सगळे लहानच, मग १०.१, १०.२, १०.३, १०.४, आणि १०.५ ला थांबतं. निव्वळ योगायोगाने बरोबर जागी. गायीच्या दरपत्रकात ३ ते ५.९ फॅट, तिथेही तेच: ३.५ ला तीनचा भाव आणि ५.२ ला बरोबर भाव. गायीचं दूध साडेतीन फॅटच्या आसपासच जास्त असतं, म्हणजे फटका तिथे सर्वांत मोठा.

पैशांत सांगायचं तर, समजण्यापुरते आकडे घेऊ: सहाला पन्नास रुपये आणि प्रत्येक पॉइंटला सत्तर पैसे. ६.९ च्या दुधाला ५६ रुपये ३० पैसे मिळायला हवेत. आठ लिटर घालणाऱ्याचे एका वेळेचे ५० रुपये ४० पैसे गेले. आमच्याकडे बिल दहा दिवसांनी होतं, त्यामुळे पैसे प्रत्यक्ष कुणाचे बुडाले नाहीत. पावणेनऊला जुन्या फायली परत चढवल्या, संस्थांना दरपत्रक ताजं करायला सांगितलं, संध्याकाळचं संकलन नीट झालं. सोमवारी रविवार सकाळच्या सगळ्या नोंदींचा हिशेब नव्याने लावून फरक जमा केला. पण पावतीवर एकदा कमी भाव छापून गेला की गावात ते दहा दिवस पुरतं.

आणखी काय काय बिघडलं होतं

क्रमाचा घोळ लगेच उघडा पडला, कारण तो पावतीवर छापला जात होता. दुसरा घोळ दहा दिवसांनी, बिलाच्या दिवशी फुटला असता.

काही सहकारी बँकांचे खाते क्रमांक सतरा अंकी असतात. आमच्या दोन संस्थांच्या फायलींत ते अवतरणचिन्हांशिवाय, सरळ संख्या म्हणून लिहिलेले होते. जावास्क्रिप्ट संख्या ६४ बिटांच्या अपूर्णांक पद्धतीत ठेवतं. त्यात २ चा ५३ वा घात, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२, इथपर्यंतचेच सगळे पूर्णांक नेमके मावतात. त्यापुढे जवळच्या आकड्यावर भागवावं लागतं. ३००१२३४५६७८९०१२३७ असा क्रमांक वाचून परत लिहिला की शेवटचे ३७ जाऊन ३६ येतात. कुठलीही चूक दाखवली जात नाही, इशारा नाही, फाईल तितकीच देखणी. आणि बँकेत पैसे जातात ते क्रमांकावर, नावावर नाही.

यातली एक गंमत म्हणजे शून्याने सुरू होणारे खाते क्रमांक सुखरूप होते. जेसनमध्ये संख्येच्या सुरुवातीला जादा शून्य चालत नाही, म्हणून ते लिहिताना कुणाला तरी नाइलाजाने अवतरणात घालावे लागले होते. नियमाच्या सक्तीमुळे जे अवतरणात गेले ते वाचले. बाकीच्यांना आपण संख्या समजलो. खाते क्रमांक ही संख्या नव्हेच, त्याची बेरीज कोण करतो? ते आकड्यांनी लिहिलेलं नाव आहे.

तिसरी गोष्ट किरकोळ पण डोकं उठवणारी. ५०.७० चे ५०.७ झाले होते आणि ५१.०० चे ५१. किंमत तीच, पण फरक पाहायला गेलं की हजारो ठिकाणी बदल, आणि खरे बदल त्यात बुडालेले.

सोमवारी दुपारी डोकं शांत झाल्यावर मुलाने विचारलं, "सर, पायथनने केलं असतं तर?" प्रतीवर करून पाहिलं. पायथन क्रम राखतं आणि सतरा काय सत्तर अंकी पूर्णांकही जसाच्या तसा ठेवतं. या दोन परीक्षांत ते उत्तीर्ण. पण वेगळं काही सांगितलं नाही तर ते सगळी अक्षरं इंग्रजी चौकटीत बसवतं. म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराच्या जागी उलटी तिरकी रेघ, एक यू आणि चार चिन्हांचा सांकेतिक आकडा. सभासदांची सगळी नावं अशी झाली. तांत्रिकदृष्ट्या ते बरोबरच जेसन आहे, वाचणारं सॉफ्टवेअर नीट असेल तर नाव पुन्हा नीट दिसेल. पण एरवी तीन बाइट घेणारं अक्षर सहा घेऊ लागतं, आणि मुख्य म्हणजे माणसाला वाचता यावं म्हणून आपण ज्या फायली मांडायला घेतल्या त्या माणसाला अजिबात वाचता येईनाशा होतात. हे वागणं बंद करता येतं, एका शब्दाची सूचना आहे. तरीही ५०.७० चं ५०.७ होणं तिथेही आहेच.

जेक्यू नावाचं छोटं हत्यारही मुलाने आणलं. त्याची १.७ च्या आधीची आवृत्ती मोठ्या संख्यांचं जावास्क्रिप्टसारखंच करते, आणि आमच्याकडे १.६ होती. शिवाय त्याने निकाल वाचतोय त्याच फाईलमध्ये वळवला. टर्मिनल (कमांड टाइप करायची खिडकी) आधी ती फाईल रिकामी करतं, मग जेक्यूला वाचायला देतं. शून्य बाइटांची फाईल. प्रतीवर होतं म्हणून हसलो.

इथवर आल्यावर मला जे कळलं ते असं, आणि या सगळ्या प्रकरणात मला तेवढंच महत्त्वाचं वाटतं. आम्ही शनिवारी मांडणी केलीच नव्हती. आम्ही फाईलचा अर्थ लावून, तो अर्थ दुसऱ्या कुणाच्या तरी भाषेत साठवून, त्यावरून नवी फाईल लिहिली होती. मूळ कागद बाजूला ठेवून आठवणीवरून दुसरा लिहावा तसं. त्यात जावास्क्रिप्टचे क्रमाचे आणि संख्यांचे स्वतःचे समज मिसळले. व्हीएस कोडची शिफ्ट-ऑल्ट-एफ तसं करत नाही. ती मजकुरातल्या खुणा ओळखते आणि त्यांच्या मधली मोकळी जागा तेवढी बदलते. ५०.७० ला ती बोटही लावत नाही. दोन्हीचा निकाल पडद्यावर सारखाच देखणा दिसतो, म्हणूनच शनिवारी दहा-बारा फायली डोळ्यांनी तपासूनही काही कळलं नाही.

तपासणी आधी, मांडणी नंतर

दुसऱ्या खेपेला क्रम उलटा केला. आधी तपासणी लिहिली. कल्पना एका वाक्याची आहे: आधीच्या आणि नंतरच्या फाईलमधली सगळी मोकळी जागा, म्हणजे स्पेस, टॅब आणि ओळीचे शेवट, काढून टाकले की दोन्ही अक्षर-न्-अक्षर सारख्या उरल्या पाहिजेत. टर्मिनलवर टीआर ही जुनी कमांड जागा उडवते, मग दोन्हींचा शा-२५६ ठसा (मजकुरावरून काढलेली ठरावीक लांबीची खूण, एक अक्षर बदललं तरी वेगळी येणारी) काढायचा आणि जुळवायचा. एखाद्या नावाच्या आतली मोकळी जागा बदलली तर ही परीक्षा ते पकडणार नाही, हे मान्य. पण क्रम, संख्या, शून्य, अक्षरं यांपैकी काहीही हललं तर ठसा जुळत नाही. शनिवारच्या फायलींवर ही परीक्षा चालवली तेव्हा दोनशे पाचपैकी एकही उत्तीर्ण झाली नाही. शनिवारी ती असती तर तीन सेकंदांत सगळं कळलं असतं.

मग मांडणीसाठी दोन मार्ग तपासले. पहिला व्हीएस कोडचं ते एक्स्टेन्शन. ते बरोबर काम करतं, परीक्षेत पास. पण एडिटरची मांडणी प्रत्येक आकडा वेगळ्या ओळीवर टाकते. साठ फॅट, प्रत्येकी अकरा भाव, वर उघडणारा-मिटणारा कंस, म्हणजे एका म्हशीच्या दरपत्रकाच्या सातशे ऐंशी ओळी. दूध संघाकडून येणारं छापील दरपत्रक ज्याने पाहिलंय त्याला हे बघवणार नाही. तिथे डावीकडे फॅट, वर एसएनएफ आणि आडव्या ओळीत भाव असतात.

दुसरा मार्ग प्रेटिअर. हे २०१७ मध्ये आलेलं मांडणीचं हत्यार टर्मिनलवरून अख्ख्या फोल्डरवर चालतं. ओळीची लांबी ते आपण सांगू तितकी धरतं. आम्ही १२० अक्षरं सांगितली. प्रत्येक फॅटचे अकराही भाव एका ओळीत बसले. फाईल उघडली तर समोर थेट छापील दरपत्रकच, साठ ओळींचं. सचिवांना दाखवलं असतं तर त्यांनीही वाचलं असतं. एकाच कारणासाठी एक हत्यार निवडायचं झालं तर माझं कारण हे.

दोनशे चौदा फायली, दोनशे तेरा ठसे जुळले. बीओएमवाल्या आठही जुळल्या, प्रेटिअर ती खूण जागेवर ठेवतं. न जुळलेली एक म्हणजे तीच, शेवटी जादा स्वल्पविराम असलेली. प्रेटिअरने तो विराम स्वतःहून काढून टाकला होता. बदल योग्यच होता, पण तो बदल होता आणि परीक्षेने तो दाखवला, हे बघून पहिल्यांदा जरा झोप लागेल असं वाटलं.

एक अडचण मध्ये आली ती सांगायलाच हवी, कारण तिच्यात अर्धा दिवस गेला. प्रेटिअर पहिल्यांदा चालवलं तेव्हा त्याला एकही फाईल सापडेना. गिटने ज्या फोल्डरकडे दुर्लक्ष करायचं त्यांची यादी एका फाईलमध्ये असते. आमचं डेटा फोल्डर त्या यादीत पूर्वीपासून होतं, आणि प्रेटिअरची तिसरी आवृत्ती ती यादी स्वतःही पाळते. यादीतून नाव काढलं, चाललं.

साफसफाईचा मोह

एवढं झाल्यावर मुलगा उत्साहात आला. त्याच फेरीत फायलींमधली न दिसणारी अक्षरंही काढून टाकू म्हणाला. शोधून बदल करायची खिडकी, सगळ्या फायली, एक झटका. मी प्रतीवर करायला लावलं आणि ठसे काढले. नव्वदच्या वर फायली नापास. उघडून पाहिलं तर आमच्या स्वतःच्या गावाचं नाव "कर्हाड" झालेलं.

मराठी लिहिणाऱ्याला हे समजायला वेळ लागत नाही. कऱ्हाडमधला, गोऱ्हेमधला किंवा दुसऱ्यामधला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. एक प्रकार म्हणजे नुक्त्याचा ऱ, त्याला हलंत आणि पुढे ह किंवा य. दुसरा म्हणजे साधा र, हलंत आणि त्यानंतर एक शून्य रुंदीचा जोडक, जो पडद्यावर दिसत नाही पण र ला रफार होण्यापासून रोखतो. संस्थांमध्ये वेगवेगळे कीबोर्ड, वेगवेगळे टायपिस्ट, म्हणून दोन्ही प्रकार आमच्या फायलींत मिसळलेले. न दिसणारं अक्षर कचरा समजून काढलं की दुसऱ्या प्रकारचे सगळे र डोक्यावर चढून बसतात. इंग्रजी मजकुरासाठी लिहिलेले सल्ले अशी अक्षरं बिनदिक्कत उडवायला सांगतात. मराठीत ती अक्षरं शुद्धलेखन आहेत. दोन प्रकारांचा एक करायचा असेल तर दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर करावं लागतं, आणि ते काम मांडणीच्या फेरीत घुसडायचं नाही असं ठरवून ते वेगळ्या दिवसावर ढकललं. अजून झालेलं नाही.

गिटमध्ये नोंदी तीन केल्या. पहिली, फायली होत्या तशा, एका ओळीच्या, बीओएमसकट. दुसरी, फक्त मांडणी. तिसरी, तो स्वल्पविराम आणि खाते क्रमांकांना लावलेली अवतरणं. मधल्या नोंदीत हजारो ओळी बदललेल्या दिसतात, म्हणून कोणती ओळ कुणी लिहिली हे पाहताना ती वगळायची, अशी तिची ओळख एका छोट्या फाईलमध्ये लिहून ठेवली. गिटमध्ये ही सोय २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून आहे.

माझ्या एका जुन्या मित्राचं म्हणणं पडलं की फायलींना हात लावायचीच गरज नव्हती. गिटला सांगता येतं की फरक दाखवण्यापुरती फाईल अमुक हत्यारातून मांडून दाखव, मूळ तशीच एका ओळीत राहू दे. हे खरं आहे आणि ज्याच्याकडे हात लावता न येणाऱ्या फायली असतील त्याने तेच करावं. आम्ही केलं नाही, कारण ती जुळणी प्रत्येक संगणकावर वेगळी करावी लागते आणि आमच्याकडे संगणकांपेक्षा विसराळू माणसं जास्त. शिवाय मला फायली एडिटरमध्ये उघडल्या की वाचायच्या होत्या. फायली मांडलेल्या असल्याचा फायदा पहिल्याच दिवशी झाला. तीन संस्थांच्या फायलींत एकाच सभासदाच्या नावाखाली "पशुखाद्य" दोनदा लिहिलेलं होतं, दोन वेगळ्या रकमांसह, आणि व्हीएस कोडने त्याखाली नागमोडी रेघ ओढली. जेसनच्या २०१७ च्या मानकात एका ऑब्जेक्टमधली नावं वेगळी असावीत असं म्हटलंय, पण दोनदा आलंच तर काय करायचं ते वाचणाऱ्यावर सोडलंय. जावास्क्रिप्ट शेवटची रक्कम घेतं, आमचं सॉफ्टवेअर पहिली. तिन्ही संस्थांना फोन करून खरी रक्कम विचारून घेतली.

मांडलेल्या फायली लगेच संस्थांना सोडल्या नाहीत. कचेरीतल्या एका संगणकावर खोटी संस्था उभी करून दहा दिवस दोन वेळचं संकलन चालवलं, बिलापर्यंत. मग पाच संस्था, मग बाकीच्या. सोडायचा वार मंगळवार ठरवला. संस्थेत कुणी काही बदललं की जुनं सॉफ्टवेअर ती फाईल पुन्हा एका ओळीत लिहितं, म्हणून आता नोंद करण्याआधी प्रेटिअर आपोआप चालतं आणि ठसे जुळले नाहीत तर नोंद होतच नाही.

मूळ दोष अर्थात त्या वरून खाली चालणाऱ्या शोधात होता. ऑब्जेक्टमधल्या नावांना क्रम असतो असं जेसनचं मानक कुठेच म्हणत नाही, क्रम हवा असेल तर त्यासाठी यादी आहे. तेव्हाच्या मला हे माहीत नव्हतं. नव्या आवृत्तीत दरपत्रकाची प्रत्येक ओळ यादीत आहे आणि वाचल्यावर सॉफ्टवेअर तिला स्वतःही फॅटच्या क्रमाने लावून घेतं. ही आवृत्ती आतापर्यंत एकशे साठेक संस्थांत गेली आहे. वाळव्याच्या त्या सचिवांनी मात्र घ्यायला नकार दिलाय. "आता भाव बरोबर पडतुया न्हवं? मग ऱ्हाऊ द्या की सायेब."